ब्लूगिल काठाला आलेत, बाबांना सांगू नकोस

लर्लीन,

मी बाबांची होडी घेऊन तळ्यावर जातोय. पाणी कोमट झालंय, पौर्णिमा तोंडावर आलीय आणि ब्लूगिल माशांनी काठाच्या उथळ वाळूत घरटी केलीत. नर अंड्यांची राखण करताहेत, गळ टाकायचा अवकाश की धावून येतात.

बाबा उठल्याबरोबर विचारतील. पाणी अजून गार आहे, पुढच्या आठवड्यात बघू, असं सांग. मीही तेच सांगत आलोय. त्यांच्या खोलीची खिडकी उघडू नकोस. डोळे गेले तरी नाक शाबूत आहे त्यांचं. काल म्हणालेच, "वेंडल, कलिंगड कापल्यासारखा वास येतोय रे. मासे घरट्यांवर बसले वाटतं."

मी म्हटलं, "शेजाऱ्यांनी गवत कापलंय, बाबा."

तुला त्यांची कीव येते, ठाऊक आहे मला. पण गेल्या वर्षी तू धक्क्यावर नव्हतीस. बाबांनी माझ्या दुप्पट मासे काढले आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "डोळे याला आहेत, पण मासे मला दिसतात!" लोक अजून मला तेच ऐकवून हसतात.

होडीत त्यांची जागा रिकामी होती, तिथे तुझ्या भावाला घेतलंय.

संध्याकाळी मासे आणतो. मक्याच्या पिठात घोळवून तळ, बाबांनाही वाढ. दुकानातले आहेत म्हण. पहिल्याच घासाला त्यांना खरं काय ते कळेल. कळू दे. तेव्हा मला त्यांच्या समोरच बसायचंय.

वेंडल