तंजावरची निर्वंश शाखा

अप्पा,

तुमच्या कुलवृत्तांताची छापायला जायची प्रत दादाने काल पाठवली. खाली एवढंच लिहिलं होतं, ‘शुद्धलेखन तेवढं बघ.’ तुम्हाला जाऊन आता बरीच वर्षं झाली, पण पहिलं पान उघडल्याबरोबर तुमचा आवाज ऐकू आला आणि माझं डोकं फिरलं. तंजावरला गेलेल्या त्या पूर्वजाच्या नावाखाली तुम्ही लिहिलेला शब्द अजून तसाच होता. निर्वंश. तुमच्याशी या शब्दावरून भांडायचं राहून गेलं होतं, ते आज करते आहे.

तुम्ही दोह्याला माझ्याकडे राहायला आलात तेव्हा वर्ल्ड कपसाठी सगळं शहर खणून ठेवलं होतं. बिन महमूद भागातल्या आमच्या फ्लॅटखालचा रस्ता दर आठवड्याला नव्या ठिकाणी वळायचा आणि मेट्रोच्या ऑफिसात नोकरी करते म्हणून तो मीच वळवला असल्यासारखे तुम्ही माझ्यावर करवादायचा. ‘तुमच्या त्या फुटबॉलपायी माणसाला भाजी आणायला जाता येत नाही.’ माझं डायनिंग टेबल तुम्ही पहिल्याच दिवशी ताब्यात घेतलंत. नाशिकच्या उपाध्यायांच्या वहीतली नक्कल, इनामाच्या मोडी कागदांच्या झेरॉक्स, कुठल्या कुठल्या देवळांतल्या शिलालेखांचे फोटो. आम्ही स्वयंपाकघरात ओट्याशी उभ्याने जेवायचो. खरं सांगायचं तर काम तुम्ही चोख केलंत. एकोणिसाव्या शतकातला घरातला एकेक भाऊ कुठल्या गावाला गेला, तिथे काय केलं, सगळं हुडकून काढलंत. एकच सापडत नव्हता. तो तंजावरच्या दरबारात कारकून म्हणून गेला आणि पुढे कागदावरून नाहीसा झाला.

तो तुम्हाला मी मिळवून दिला. माझ्या ऑफिसात एक सर्व्हेयर होते, मूळचे तंजावरचे, आडनाव आपलंच. गोत्र विचारलं तर तेही आपलंच निघालं. एका शुक्रवारी मी त्यांना जेवायला बोलावलं. शहरातल्या अल मुंतझा भागातून ते इस्त्रीचा शर्ट घालून आले आणि येताना गावच्या देवळातल्या दगडी दीपमाळेचा फोटो घेऊन आले. तिच्यावर त्या कारकुनाचं नाव, वडिलांचं नाव आणि आपल्या गावाचं नाव कोरलेलं होतं. तुम्ही खुर्चीतून उठलात. त्यांचा हात हातात घेतलात आणि मला शिरा करायला सांगितलात. तुम्हाला इतकं खूश मी माझ्या लग्नातही पाहिलं नव्हतं.

शिरा घेऊन बाहेर आले तेव्हा तुम्ही पुढची पिढी विचारत होतात.

‘त्यांना एक मुलगीच,’ ते म्हणाले. ‘तिच्या लेकास त्यांनी दत्तक घेतलं म्हणून घरांत सांगतांत.’

‘दत्तकपत्र?’

‘ते काही मिळत नाही.’

तुम्ही पेनाचं टोपण लावलंत, परत काढलंत आणि त्यांच्यादेखत तो शब्द लिहिलात. ‘मुलीकडून वंश चालत नाही. शाखा तिथेच खुंटली,’ म्हणालात. ज्याने आणलेला फोटो तुम्ही कागदांत ठेवून घेतलात, त्यालाच तुम्ही तोंडावर सांगितलंत की तू नाहीस. त्यांनी शिरा संपवला, छान झालाय म्हणाले आणि गेले. फोटो परत मागितला नाही. दार लावून मी तुम्हाला बोलायला तोंड उघडलं, तर तुम्ही मान वर न करता म्हणालात, ‘तुला काय त्याचं? तू तरी आता आपल्या घरची कुठे आहेस?’ माझ्या घरात, माझ्या टेबलाशी बसून.

पुढच्याच उन्हाळ्यात तुम्ही गेलात. मी पुण्याला आले. लग्न झालेल्या मुलीला बापाचं सुतक तीनच दिवस, असं गुरुजी म्हणाले आणि दादाने मान डोलावली. पुढचं सगळं घरच्या लोकांचं होतं. चौथ्या दिवशी मी बॅग भरली आणि दोह्याला परतून ऑफिसला लागले. तिथे मीटिंगमध्ये हे सर्व्हेयर दाढी वाढवून बसलेले. हा माणूस साइटवर जातानासुद्धा गुळगुळीत दाढी करून जाणारा. मॅनेजर त्यांना म्हणाला, ‘तबियत ठीक नहीं तो घर जाओ, खलास.’ दुपारी ते सगळ्यांपासून लांब बसून नुसता दूधभात खात होते. मी जाऊन विचारलं, ‘बरं नाही का?’

‘सुतक आहे.’

‘कुणाचं?’

ते ओशाळले. माझ्यासाठी ओशाळले असावेत. ‘अप्पांचं,’ म्हणाले. ‘सात पिढ्यांच्या आंतले की आम्ही. आम्हांस दहा दिवस. तुमचं संपलं असेल.’

अप्पा, त्यांनी तुम्हाला एका दुपारपुरतं पाहिलं होतं.

आता इथे रस्ते गुळगुळीत झालेत, चौकाचौकांत देशोदेशीचे झेंडे लागलेत आणि दादा मॅचची तिकिटं काढून माझ्याकडेच उतरणार आहे. तुमचा शब्द मी काल खोडला. त्या जागी त्या मुलीचं नाव लिहिलं. सर्व्हेयरांनी ते तुम्हाला सांगितलं होतं, तुम्ही लिहून घेतलं नव्हतंत. मग तिचा मुलगा, मग त्यांनाच विचारून पुढची सगळी माणसं, थेट इथल्या शाळेत जाणाऱ्या आणि मराठीला इंग्रजीत उत्तरं देणाऱ्या त्यांच्या मुलीपर्यंत. दादाने विचारलं तर सांगेन, शुद्धलेखनच केलंय. तुमच्या नावाखाली माझं नाव घालायचा मोह झाला होता, पण नाही घातलं. तुम्ही आपणहून दिली नाहीत ती जागा मला आता चोरून नको.

हे पत्र मी दादाला पाठवणार नाही, तुमच्या फोटोपुढेही ठेवणार नाही. पण एक गोष्ट कुणालाच सांगितलेली नाही. त्या दुपारी मी माझा डबा न उघडता तसाच ठेवला आणि तुमच्या दहाव्यापर्यंत दूधभातावर राहिले. नवऱ्याने विचारलं तेव्हा पोट बिघडलंय म्हणून सांगितलं.