मावशीच्या चहावर बंदी घालण्याच्या माझ्या अधिकाराविषयी

तीर्थरूप व्हर्ना मावशीस, डेल्बर्टचा दंडवत. गुडघा बरा आहे ना? कोर्टाच्या पायऱ्या तू ज्या तडफेने उतरलीस (माझ्याकडे ढुंकूनही न बघता) त्यावरून बरा असावा. थँक्सगिव्हिंगच्या सणाला जेवायला येऊ नकोस, हा तुझा निरोप मिळाला. हे पत्र त्यासाठी मुळीच नाही. भाजलेली टर्की काय, हॉटेलातही मिळते.

पण माझी बाजू तरी ऐक. आमदारांना हरणांच्या शिकारीचे वेध लागले होते. कुठलं औषध बंदीच्या यादीत घालायचं यावर कोण डोकं शिणवणार? त्यांनी घाईघाईत कायदा केला, की सरकारी वकिलाला जे घातक वाटेल ते त्यानेच यादीत घालावं, आणि यादीतलं काही कुणाला पाजणं हा गुन्हा. म्हणजे मी! नेमका त्याच आठवड्यात अग्निशमन दलाच्या पॅनकेक-न्याहारीला मी तुझा कॅटनिपच्या पाल्याचा चहा प्यायलो आणि सरकारी वकिलाच्या निवडणुकीचं माझं भाषण करायचं सोडून पॅनकेकवर गाल टेकून घोरलो. गावभर फोटो फिरले. मेपलचा पाक अजून कानातून निघतोय. मग डोक्यात राख घालून मी सोमवारी सकाळी कॅटनिप यादीत घातलं आणि दुपारी तुझ्यावर खटला भरला. (तूच मला वाढवलंस, हे विसरलो नव्हतो. म्हणून तर बेड्या घालू दिल्या नाहीत.)

मात्र हा पाला मांजरांचा जीव की प्राण, आणि गावात घरटी दोन मांजरं, हे ध्यानातच आलं नाही. न्यायाधीश स्टोल्ट्झबाईंच्या काळ्या झग्यावर मांजराचे पांढरे केस दिसले तेव्हा मला घाम फुटला.

"घातक काय ते ठरवायला कायद्याने तुम्हाला काही कसोटी दिलीय?" बाईंनी विचारलं.

"माझी अक्कल," मी म्हणालो.

त्यावर तू उठून म्हणालीस, "बाई, या मेल्याला मी ग्रेव्हीसुद्धा ढवळू देत नाही!"

"गुन्हा कशाला म्हणायचं ते विधिमंडळाने ठरवायचं," बाई कडाडल्या. "ते काम असं कुणाच्याही गळ्यात मारायला राज्यघटनेची परवानगी नाही. गुन्हा तुम्हीच ठरवणार, खटला तुम्हीच भरणार, मग मी काय इथं खुर्च्या पुसायला बसलेय?"

खटला फेटाळला गेला. टाळ्या वाजवणाऱ्यांत माझा कारकूनही होता, मावशी. फार लागलं मनाला.

तुझा (अजून तरी) सरकारी वकील,
डेल्बर्ट

ता.क. कोर्टाच्या हुकमाप्रमाणे चहाची बरणी परत पाठवतोय. थोडी कमी भरेल. निकालापासून झोप येत नव्हती.

आणखी ता.क. यंदा सणाला तुझ्या जेवणाच्या टेबलाशी माझ्या खुर्चीवर स्टोल्ट्झबाई बसणार असं कळलं. बसू देत. घडीची खुर्ची मी घरून आणतो. तू फक्त ताट मांड. ग्रेव्ही ढवळायला मागणार नाही.