मघाशी हसलो, त्याचं काय?

आबा, परवा मी सांगलीत नातीबरोबर एक जुना इंग्रजी सिनेमा बघायला बसले. सुरू व्हायच्या आधीच पडद्यावर सूचना आली, की यात काही माणसं अपमान होईल अशी दाखवली आहेत, तो काळ ध्यानात ठेवून बघावं. नात म्हणाली, "मग दाखवतात कशाला? बंद कर, आजी." आणि मला एकदम तुम्ही दिसलात, जत्रेतल्या सिनेमाच्या तंबूत माईक धरून उभे असलेले.

मी तेव्हा साताऱ्याला कॉलेजात होते, जत्रेपुरती घरी आलेले. मराठी सिनेमाच्या रिळांची पेटी एसटीनं यायची, ती आलीच नाही. तंबूवाल्याकडे आफ्रिकेच्या जंगलातला एक जुनापुराणा इंग्रजी सिनेमा पडून होता, तोच त्यानं लावला. आता इंग्रजी कुणाला कळतंय? तुम्ही पलटणीतले हवालदार, दुसऱ्या महायुद्धात ब्रह्मदेशापर्यंत जाऊन आलेले, म्हणून गावानं माईक तुमच्या हातात दिला. तुम्हाला काय, आयतंच फावलं. पडद्यावरचे काळे हमाल डोळे गरागरा फिरवतायत, साहेबाच्या मागं लपतायत, आणि तुम्ही त्यांच्या तोंडी आपली भाषा घालताय. "आवं मालक, मला वाघानं खाल्लं तरी चालंल, पर माझ्या भाकरीला हात लावू नगा." आफ्रिकेत वाघ नसतो हे तुम्हाला कुठलं ठाऊक. बायकांसाठी लावलेल्या कनातीच्या अलीकडे आम्ही हसून हसून बेजार.

मग आला हिंदुस्थानी शिपाई. तोंडाला तपकिरी रंग फासलेला गोरा नट, वाकडा फेटा, आणि सिंहाची डरकाळी ऐकून तो थेट साहेबाच्या खाटेखाली शिरला. तुमचा आवाज बंद पडला. आपलं गाव फौजी, घरटी एक माणूस पलटणीत. सगळ्यात आधी उठले ते तुमचे पलटणीतले जोडीदार, ज्यांचा धाकटा भाऊ त्याच लढाईत गेला होता. "फाडा त्यो पडदा. आमी असं हुतो व्हय?" बघता बघता सगळे पुरुष उठले. तंबूवाल्यानं मशीन थांबवून दिवे लावले. तुम्ही पडद्यापुढे जाऊन उभे राहिलात. "फाडू नगा. त्ये आपल्याला कसं बगत हुते, त्ये बगून तर घ्या."

"साहेबाचा चाकर झालास की रं गड्या," जोडीदार म्हणाले.

आपल्या गावात याहून मोठी शिवी नव्हती. मला वाटलं, आता तुम्ही माईक टाकून घरी जाणार आणि उद्यापासून चावडीवर तुमच्याशेजारी कुणी बसणार नाही. तुम्ही मात्र हळू आवाजात बोलायला लागलात. "आन मघाशी हसलो, त्याचं काय? त्या काळ्या हमालांना बगून कुनाला पडदा फाडावा वाटला न्हाई. ब्रह्मदेशात मला गोळी लागली तवा त्यांच्यातल्याच, आफ्रिकेच्या पलटणीतल्या एका शिपायानं पाठीवर घिऊन वढा पार केला. त्येच्यामुळं मी हितं हुबा हाय. आन मीच त्येच्यावर तुमाला हसवत हुतो. पयली लाज मला वाटाय पायजे."

सिनेमा शेवटपर्यंत चालला. तुम्ही पदरचं तिखटमीठ न लावता, पडद्यावरचा माणूस बोलेल तेवढंच सांगत गेलात, आणि कुणी हसलं नाही. आबा, पुढे मी जन्मभर शाळेत इतिहास शिकवला. पण ज्यांच्यात रोज उठायचं-बसायचं, त्यांच्यासमोर आपलं हसू असं परत घेणारा माणूस मला दुसरा भेटला नाही. एवढं बळ तुम्ही कुठून आणलंत?

दुसऱ्या दिवशी सकाळी जोडीदार आपल्या ओट्यावर येऊन बसले. माफी वगैरे काही नाही. मी चहा दिला, तो पिता पिता त्यांनी विचारलं, "त्या काळ्या शिपायाचं नाव काय रं हुतं?" तुम्ही कप खाली ठेवलात. मग म्हणालात, "इचारलंच न्हाई गड्या."

नातीला मी हे सांगितलं, तेव्हा तिनं सिनेमा बंद केला नाही. शेवटपर्यंत बघितला, मधे दोनदा थांबवून मला प्रश्न विचारले. आणि संपल्यावर तिनंही तेच विचारलं, त्या शिपायाचं नाव काय होतं? तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाली, हे पत्र कुठं जायचं नाही, म्हणून तुम्हाला सांगते. मी म्हणाले, "पणजोबांनी सांगितलं होतं गं. मीच विसरले."