पूर्ण तास दाखवा

४ मार्च, सोमवार

चार सेकंद!

कारखान्यातल्या स्फोटावरचा माहितीपट आज पाहिला. जनसुनावणीत मेलेल्या मजुराची बायको सांगतेय — नवऱ्याचा डबा घरी परत आला, तो आला नाही — आणि मध्येच मी. मनगट वर करून घड्याळ बघतोय. सभागृह चुकचुकलं. शेजारच्या बाईंनी तर मान वळवून मला न्याहाळलं.

तीस वर्षं या माणसांसाठी घसा फोडला. एका कात्रीने मला कंटाळलेला पुढारी केलं. आणि ती कात्री कुणाची? माहितीपटाचं संकलन करणाऱ्या माझ्या सख्ख्या भाचीची!

५ मार्च, मंगळवार

बायको म्हणाली, "बघितलं असेल तुम्ही घड्याळ. माझ्याशी बोलतानाही बघता." जेवलो नाही.

६ मार्च, बुधवार

सापडलं! माहितीपट मोबाइलवर पुन्हा लावला, चित्र थांबवून पाहिलं. तिच्यामागे भिंतीवर सव्वापाच वाजलेत. माझ्या मनगटावर अकरा दहा. सकाळचा मी उचलून संध्याकाळच्या तिच्या शेजारी चिकटवला.

भाषणात मी खोटं बोललो, तर समोरचा उठून जाब विचारू शकतो. पडद्याला कोण विचारणार? माणसांना अंधारात बसवायचं, खाली करुण सूर सोडायचा, कुणावर चिडायचं तेही आपणच ठरवायचं — आणि याला माहिती म्हणायचं. जाहिरातवाला निदान साबण विकतोय हे तरी कबूल करतो.

रविवारी या माहितीपटावरच जाहीर चर्चा आहे. आयोजकांना खरमरीत पत्र धाडलं: त्या साक्षीचा न कापलेला पूर्ण तास लोकांसमोर दाखवा.

७ मार्च, गुरुवार

मान्य केलं! दिग्दर्शकही तयार. आता कुठे पळतोय?

८ मार्च, शुक्रवार

भाचीकडे जाऊन आलो. आज लिहिणं नको.

९ मार्च, शनिवार

लिहायलाच हवं.

पडदे ओढलेली खोली, दोन स्क्रीन, गार झालेला चहा. मी उभ्या उभ्याच सुरू झालो — घड्याळं, लबाडी, घराण्याचं नाव, सगळं. तिने शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग "झालं, मामा?" म्हणाली आणि तो तास लावला.

ती बाई बोलतेय. कॅमेरा हळूहळू मागे येतो. समोरच्या टेबलावर माझ्या नावाची पाटी. पाटीमागे रिकामी खुर्ची.

मी बाहेर होतो. व्हरांड्यात, एका वाहिनीच्या कॅमेऱ्यापुढे, सकाळचंच भाषण पुन्हा करत. डब्याचं मी दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात वाचलं. आणि वर्षभर प्रत्येक सभेत सांगत आलो — मी तिच्यासमोर बसून हे ऐकलंय! सांगताना माझा आवाज कापायचा. खोटा नाही, खरंच कापायचा. इतक्यांदा सांगितलं की मलाच ते आठवायला लागलं.

भाची म्हणाली, "खुर्ची झाकायची होती. तुमचा गप्प बसलेला तेवढाच एक शॉट मिळाला. बाकी सगळीकडे तुम्ही बोलताय."

हसू येण्यासारखं होतं. आलं नाही.

तिने लबाडी केली, यात शंका नाही. हे मी उद्याही म्हणेन. पण माझ्यासाठी केली — आणि मी मात्र कुणासाठी करत होतो?

निघताना ती दाराशी आली. "फाइल उघडत नाही म्हणून सांगू का आयोजकांना?"

मी जिना उतरलो. उत्तर आज दुपारी फोनवर दिलं: पूर्ण तास आण.

१० मार्च, रविवार

चर्चेआधी त्या बाईंच्या घरी गेलो. म्हटलं, पडद्यावर दिसायच्या आधी तोंडाने सांगावं. दारातच सांगितलं — तुम्ही बोललात तेव्हा मी तिथे नव्हतो.

"माहीत आहे," त्या म्हणाल्या. "त्या रिकाम्या खुर्चीकडे बघत होते, म्हणून तर बोलता आलं."