हेनिंगसाहेबांनी न ऐकलेलं गाणं

कादिरभाई,

सलाम लिहितेय, पण मनात नाहीये.

हेनिंगसाहेब वारले. त्यांच्या मुलीने जर्मनीहून कळवलं. आपल्या गावाकडची लग्नाची गाणी गोळा करायला आलेले ते. स्वतः ओटीवर बसायचे आणि टेपरेकॉर्डर पडद्याआड अम्माकडे द्यायचे. अम्माची अट होती, मी जिवंत असेपर्यंत परक्या पुरुषाने माझा आवाज ऐकायचा नाही.

पुढे ते तिथल्या संगीत ग्रंथालयाचे प्रमुख झाले. टेप त्यांच्याच ताब्यात होती. मुलगी लिहिते, बाबांनी ती कधीच लावली नाही. चाली त्यांनी तिथल्या एका बाईंकडून कागदावर उतरवून घेतल्या आणि त्यावरून पुस्तक लिहिलं. बरोबरीचे विद्वान त्यांना हसायचे.

आणि तू अम्माचा मुलगा म्हणून ग्रंथालयाकडून त्या टेपची प्रत मागवलीस आणि रियाधला तुझ्या तल्हाच्या लग्नात पुरुषांच्या हॉलमध्ये स्पीकरवर लावलीस. इथे जुबैलच्या घरात हराम म्हणून तू अम्माला भाकऱ्या थापताना गुणगुणूही दिलं नव्हतंस. आता या देशात कॉन्सर्ट व्हायला लागले, तर तुझं हरामही खलास.

हे पत्र मिळालं तर तू रागाने अम्मालाच फोन करशील आणि तिला हॉलचं कळेल. म्हणून ते माझ्याजवळच राहील.

साहेब गेल्याचं तेवढं मी तिला सांगितलं. तिने विचारलं, "त्यानं कधी ऐकलान काय?"

"नाही."

ती म्हणाली, "येडाच. विचारलं असतं तर मी हो म्हटलं असतं."

नाइलाजाने तुझी बहीण,
इस्मत