आल्याचा रस

अण्णा,

आई गेली त्याच्या आदल्या दिवशी तिने अंगणातला गवती चहा कापला आणि छातीत जळजळतंय म्हणून तुमच्याकडे आल्याचा रस मागितला. "अहो, मध घालताना हात आखडू नका," असं म्हणून हसलीही. तेव्हापासून तुम्ही एकाही झाडाला हात लावलेला नाही.

थंडीने करपलेल्या गवती चहाला आज हिरवी पाती फुटली आहेत. त्याला पाणी घाला. तुमच्या खोकल्यासाठी अडुळशाचा काढा थर्मासमध्ये आहे. युनिव्हर्सिटीतून येताना सेक्टर बावीसच्या बाजारातून आलं आणते.

दोन महिने मी गप्प राहिले, ते तुम्हाला दोष देत होते म्हणून नव्हे. आईचं दुखणं पित्ताचं नसून हृदयाचं आहे हे शेजारी बसून मलाही कळलं नव्हतं. अण्णा, तुमची काही चूक नव्हती.

विनया