नानांनी गाळलेलं मरण

गंगाखेड, कार्तिक वद्य षष्ठी, १९४८

नाना, फार दिवसांनी लिहितो आहे, माफ करा. तुम्ही गेल्यावर या वहीत तुम्हाला लिहीत राहायचं ठरवलं होतं, पण रागाशिवाय काही सुचेना आणि नुसता राग कागदावर उतरवणं बरं वाटेना. आज लिहितो, कारण पोलीस पाटील घरी येऊन गेला.

तुमच्या शेवटच्या कीर्तनाला निजामाच्या तहसीलदाराने परवानगी दिली ती आपल्या राजांचं आख्यान लावायचं नाही या अटीवर. आपण स्वयंपाकघरात जेवत होतो. कॉलेजात वाचलेली फिलिपाईन बेटांची हकीकत मी तुम्हाला सांगितली. स्पेनच्या राज्याविरुद्ध पुस्तकं लिहिणारा डोळ्यांचा डॉक्टर, आणि वखारीत नोकरी करता करता गुप्त मंडळ उभारणारा, लोकांना कराचे दाखले फाडायला लावणारा तो दुसरा. आई भाकरी थापता थापता म्हणाली, "इतक्या लांबच्या मानसासाठी कोन रडंल वो?" तुम्ही म्हणालात, "मरतानी गोळ्यांकडं तोंड फिरवलंय त्या डॉक्टरनं. रडतील." दुसऱ्याचा शेवट मात्र तुम्ही गाळलात. त्याला स्पेनने मारलं नव्हतं. त्याच्याच बाजूच्या लोकांनी खटला चालवून डोंगरात गोळ्या घातल्या. "हे आत्ता न्हाई सांगायचं," तुम्ही म्हणालात, "लोक आत्ता कुठं एकमेकाजवळ बसायलेत."

देवळात बसायला जागा नव्हती. मी तुमच्या मागे टाळ धरून उभा. डॉक्टरला पाठमोरं उभं केलं, छातीवर गोळी घेऊ द्या ही त्याची विनंती नाकारली, आणि पडता पडता त्याने अंग वळवलं. तुम्ही स्वतः वळून दाखवता आणि खांबाजवळचा एक म्हातारा ओरडतो, "वळला रे वळला!" पूर्वरंगानंतर तुम्हाला मानाचा हार घातला होता पाटलानेच. शेवटी तो पाया पडला आणि म्हणाला, "महाराज, लय गोड. पन ते स्पेनवाले आपल्याकडलेच वाटायलेत की!" तुम्ही हसून म्हणालात, "ज्याला जसं वाटंल तसं, पाटील." हे बोलणं त्याने दुसऱ्या दिवशी पोलिसांच्या अमिनापुढे बयानात दिलं. कचेरीत ते उर्दूत वाचलं गेलं तेव्हाही मी तुमच्या मागेच उभा होतो. परभणीच्या तुरुंगातून तुम्ही खोकला घेऊन आलात, आणि पुन्हा कीर्तनाला उभे राहिलाच नाहीत.

आज तो पांढरी टोपी घालून, देवळाच्या पंचांना बरोबर घेऊन आला. निजामाचं राज्य गेलं, आता कीर्तन ठेवायचं आणि ते मीच करायचं. "तुमचे वडील म्हंजी हिरा मानूस. ती बेटाची कथा लावा, मास्तर. आता कोन अडवायलंय?" बायकोने चहा दिला. त्याने तो बशीत ओतून, फुंकून फुंकून प्यायला. बशी जरासुद्धा हलली नाही. मी "कळवतो" म्हणालो.

मी तीच कथा लावीन. तुम्ही गाळलेलं मरण सांगेन, आणि मग सगळ्यांदेखत पाटलाकडे पाहून त्याचं बयान म्हणेन. मला ते शब्दन्‌शब्द पाठ आहे. लोकांना खरं कळायला हवं म्हणून, असं दुपारभर मी स्वतःला समजावलं. पण डोंगरातले ते मारणारे निदान स्पेनशी लढले तरी होते. पाटलाला त्यांच्या रांगेत बसवणं म्हणजे कथा वाकवणं, एवढं मला कळतं. शिवाय सध्या कुणाकडे नुसतं बोट दाखवलं तरी घर पेटतं, हे पोलीस कारवाईपासून आम्ही सगळेच पाहतो आहोत. मला त्याचा जीव नको. त्याच्या सुनेसमोर, नातवांसमोर त्याची मान खाली गेलेली मला पाहायची आहे. जमाव तेवढ्यावर थांबेल याची हमी मी देऊ शकत नाही. हे पान कुणाला दाखवणार नाही, म्हणून लिहितो: ते माहीत असूनही, नाना, मला हे कीर्तन करायचं आहे.

उद्या: पंचांना होकार कळवणे.